उंबऱ्यावरचा राक्षस ठेवायचा की ग्रॅनाइटखाली गाडायचा?

माणकाठ
आमच्या गावात महादेवाचं जुनं काळ्या दगडाचं देऊळ आहे. (गाव माण नदीकाठी, नाव मुद्दाम देत नाही, कमिटीतले दोघं इथं वाचतात.) जीर्णोद्धाराचं घाटतंय. वर्गणी बरी जमलीये आणि गेल्या रविवारी ठरलं की सभामंडपात ग्रॅनाइट बसवायचं. माझी हरकत होती, पण बारा विरुद्ध एक.

खरा प्रश्न पुढं आहे. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर एक तोंड कोरलंय. बटबटीत डोळे, पसरट नाक, सुळे, आणि खालचा जबडाच नाही. ठेकेदार म्हणतो उंबराही झाकू, एकसारखं दिसेल. कमिटीतला एक पोरगा म्हणाला, "देवाच्या दारात राक्षस कशाला? झाकला तर बरंच." मला उत्तर देता आलं नाही. आजी सांगायची, आधी त्याला हात लाव, मग आत जा. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. येत्या रविवारी परत बैठक आहे. तिथं काय सांगू?

खडूस_काकू
अहो, राक्षस नाही तो, शंकराचा दारवान आहे. कीर्तिमुख म्हणतात त्याला. गोष्ट शिवपुराणातली. जालंधर दैत्य माजला आणि त्यानं राहूला दूत करून कैलासावर धाडलं. निरोप काय, तर तुझ्यासारख्या स्मशानातल्या जोग्याला पार्वती शोभत नाही, माझ्याकडे पाठव. शंकराच्या भुवयांमधून एक प्राणी निघाला. तोंड सिंहाचं, जीभ लवलवती, अंगावर मांस म्हणून नाही. नुसती भूक. तो धावला राहूवर. राहूची पाचावर धारण बसली. मी निरोप्या, मला कशाला मारता, म्हणून तो शंकरालाच शरण गेला. शंकरानं सोडवलं त्याला.

आता हा भुकेला म्हणतो, तुम्हीच जन्माला घातलंत, मग मी खाऊ काय? शंकर म्हणाले, स्वतःचे हातपाय खा. याने एक शब्द उलटा बोलला नाही. हात गेले, पाय गेले, धड गेलं, पोटसुद्धा गेलं. तोंड तेवढं उरलं. शंकर प्रसन्न झाले. म्हणाले, तू कायम माझ्या दारात राहा, तुला आधी वंदन न करता माझी पूजा करेल त्याची पूजा फुकट.

तुमच्या आजीनं हेच सांगितलं की. पोथी न उघडता.

रिकामटेकडा
राहूला मुळात धड नाही. त्याला खायला आलेल्याचंही धड गेलं. म्हणजे त्या दिवशी कैलासावर निरोप आणणारा आणि निरोप ऐकून धावणारा, दोघंही नुसती डोकी.

हप्तेबहाद्दर
भूक देऊन जन्माला घालायचं आणि वर म्हणायचं स्वतःलाच खा. आमच्या गृहकर्जाचं बोधचिन्ह मिळालं.

नाममात्र
काकूंनी गोष्ट झकास सांगितली, पण हे स्पष्टीकरण उलट्या बाजूनं आलंय. हाच चेहरा अजिंठ्याच्या खांबांवर आहे. ती बौद्ध लेणी, तिथं शंकराचा दारवान काय करतोय? जैन देवळांच्या पायथ्याला तर अशा तोंडांची अखंड रांग असते, ग्रासपट्टी म्हणतात तिला. म्हणजे चेहरा सगळ्यांचा होता. शैवांनी त्याला गोष्ट दिली.

नावाचंही तसंच. जुन्या शिलालेखांत, ताम्रपटांत 'कीर्ती', 'कीर्तन' हे शब्द चक्क देऊळ किंवा बांधलेली वास्तू या अर्थानं येतात. 'कीर्तिमुख' म्हणजे वास्तूचं तोंड, इतका साधा अर्थही निघू शकतो. आपण मात्र लगेच अहंकार, वैराग्य, आत्मज्ञान सुरू करतो. कोरणाऱ्याला कदाचित एवढंच हवं असेल की दगड रिकामा दिसू नये.

खडूस_काकू
नाममात्र, मी आत्मज्ञानाचं अक्षरही काढलं नाही. तुम्हीच काढलंत.

बंगळुरी_पुणेकर
इकडे नवं घर बांधायला घेतलं की पहिल्या मजल्याच्या गजांवर राक्षसाचा मुखवटा टांगतात. दृष्टी गोंबे. वटारलेले डोळे, लाल जीभ, मिशा. वास्तुशांत झाली तरी कित्येक जण काढत नाहीत. आमच्या सोसायटीच्या गेटवर तर दोन आहेत, एक येणाऱ्यांसाठी आणि एक जाणाऱ्यांसाठी. मला तरी कीर्तिमुख याच घराण्यातलं वाटतं. वाईट नजर आधी त्याच्यावर पडावी, देवावर नको. आपल्याकडची काळी बाहुली, ट्रकमागची चप्पल, सगळी एकाच कामावर.

जावाई
(जावात राहतो म्हणून हे नाव, लग्नाशी संबंध नाही.) इथं त्याला 'काल' म्हणतात. बोरोबुदूरला एकेक मजला चढताना कमानी लागतात, प्रत्येकीच्या माथ्यावर हा डोळे वटारून बसलेला आणि कमानीच्या दोन्ही पायांशी मकर. जवळच प्रंबाननला शंकराचं देऊळ आहे, तिथंही हाच. पहिलं बौद्ध, दुसरं शैव, दोन्ही नवव्या शतकातली. त्यामुळे नाममात्र यांना अर्धं अनुमोदन. अर्धंच, कारण नाव तेवढं बघा. काल. सगळं खाणारा. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना तो नक्षीचा तुकडा वाटत नसणार.

नेपाळात काठमांडूच्या खोऱ्यात यालाच छेप्पू म्हणतात, तो बहुतेक तोरणांच्या मध्यावर असतो. म्हणजे आमच्याकडे आणि नेपाळात हा डोक्याच्या वर, आणि माणकाठ यांच्याकडे पायाशी. हा फरक मला जास्त रोचक वाटतो. वर असला की तो आपल्याकडे बघतो, खाली असला की आपल्याला वाकावं लागतं.

मांडवीतीर
आमच्या गोव्यात बहुतेक देवळांत गाभाऱ्याला चांदीचं दार आणि देवामागं चांदीची प्रभावळ. प्रभावळीच्या अगदी टोकाला हाच. लहानपणी मी त्याला देवाचा कुत्रा समजायचे. आईला विचारलं तर म्हणाली, असेल. घरच्या देव्हाऱ्यातल्या पितळी प्रभावळीवरही बघा, सगळ्यांकडे सापडेल. इतकी वर्षं चिंच लावून घासतोय आणि नाव आज कळलं.

हप्तेबहाद्दर
आत्ता उठून बघून आलो. आहे! बायको विचारतेय रात्री अकराला देव्हाऱ्यात टॉर्च कशाला.

टाकी_छिन्नी
मी पाथरवटाच्या घरचा. वडील पाटे-वरवंटे आणि मूर्ती दोन्ही करायचे, मी आता मुख्यतः मूर्ती. नाममात्र साहेब, दगड रिकामा दिसू नये हे खरं आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण रिकामी जागा भरायला फूल पुरतं. फूल अर्ध्या दिवसात होतं. असं तोंड काढायचं तर डोळ्याची बुबुळं पुढे आणायला बाजूचा सगळा दगड खाली घ्यावा लागतो, त्यात एक टाकी चुकली की नाक गेलं. त्या मेहनतीमागं कारण असणार.

दुसरं. जुन्या उंबऱ्यावरची तोंडं हात लावून लावून गुळगुळीत झालेली असतात. आधी नाक झिजतं, मग भुवया. डोळे खोलगट असतील तर ते टिकतात. मला कोणी अर्थ विचारला तर मी म्हणतो, एवढ्या लोकांनी हात लावला, तोच अर्थ.

तिसरं महत्त्वाचं, माणकाठ. ठेकेदार 'झाकू' म्हणतो तेव्हा तो नुसता झाकत नाही. खाली सिमेंट धरावं म्हणून जुना दगड छिन्नीनं टोचून टोचून खडबडीत करतात. पुढं कोणाला ग्रॅनाइट काढावंसं वाटलं तर खाली कीर्तिमुख नसेल, देवीचे व्रण असतील. बैठकीत बाकी काही नाही बोललात तरी चालेल, हे बोला.

माणकाठ
बापरे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही समजत होतो की चटईसारखं वर अंथरायचं.

सह्यवेडा
विषय निघालाच आहे तर किल्ल्यांवरचे शरभ विसरू नका. दरवाजांवर कोरलेला तो सिंहासारखा प्राणी, कधी पंखवाला, पायाखाली हत्ती. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजापाशी तर त्यानं पंजांत हत्ती धरलेत आणि शेपटीतही एक गुंडाळलाय. होडीतून उतरताना सगळे मोबाइल सावरत असतात, वर कोणी बघत नाही. कर्नाटकाकडे सरकलात की गंडभेरुंड, दोन डोक्यांचा पक्षी, तोही हत्ती उचलतो. हत्तींनी कोणाचं काय घोडं मारलं होतं कळत नाही. माझ्याकडे चाळीसेक दरवाजांचे फोटो आहेत, टाकू का?

रिकामटेकडा
टाका, पण नव्या धाग्यावर. इथं अजून उंबराच ओलांडला नाही.

खडूस_काकू
उंबरा म्हणताय म्हणून सांगते. शिल्पशास्त्रात उंबऱ्याला 'उदुंबर' असाच शब्द आहे. आपला उंबरा, उंबरठा तिथलाच. आणि नरसिंहानं हिरण्यकशिपूला मारलं कुठं? घरात नाही, बाहेर नाही, उंबऱ्यावर. पुढं त्या दैत्याच्या पोटातल्या विषानं नखांची आग व्हायला लागली तेव्हा लक्ष्मीनं आणली कशाची फळं? औदुंबराची. नखं त्यात खुपसली तेव्हा दाह शमला. गुरुचरित्रात आहे. आता यात नाममात्रांनी काय खोट काढायची ती काढावी, मी पोळ्या करून येते.

नाममात्र
खोट नाही काढत, दंडवत घालतो. उदुंबर शब्द मला नवीन.

पायरीचा_दगड
सगळं वाचलं. सुंदर चाललंय, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही. उंबऱ्याचा अर्थ काय, हे ज्यांना तो ओलांडू दिला नाही त्यांना विचारायला हवं. पंढरपूरला महाद्वारात नामदेव पायरी आहे. संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी पायरीची जागा मागून घेतली, असं आपण कौतुकानं सांगतो. त्याच पायरीच्या समोर चोखोबांची समाधी. त्यांनी बाहेरची जागा मागून घेतली नव्हती. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. पंढरपूरसाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं.

माझे आजोबा आमच्या गावच्या देवळाच्या उंबऱ्यापर्यंत कधी गेले नाहीत. लांबून, पाराजवळून हात जोडायचे. त्यांच्यासाठी ते तोंड खरंच राक्षस होतं. आत येशील तर खाईन म्हणणारं. 'अहंकार बाहेर ठेवा' हा अर्थ ज्यांना आत जाता येतं त्यांच्या सोयीचा आहे.

सह्यवेडा
पायरीचा_दगड, पटलं. पण प्रत्येक धागा इथंच आणायला हवा का? माणकाठ यांनी शिल्पाबद्दल विचारलं होतं.

पायरीचा_दगड
मी शिल्पाबद्दलच बोलतोय. शिल्प दारात आहे. दाराचा विषय काढायचा नाही आणि दारावरच्या शिल्पाचा काढायचा, हे कसं जमवायचं सांगा. आणि झाका असं मी म्हणालोच नाही. उलट राहू द्या. आता मी त्याला हात लावून आत जातो. प्रत्येक वेळी आजोबांच्या वाटचा एक हात जास्त लावतो.

मांडवीतीर
हे वाचून थांबले थोडा वेळ.

अनुनाद
बराच काळ वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. त्या चेहऱ्याला पोट नाही ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. तोंड आहे, दात आहेत, जीभ आहे, पण गिळलेलं जायला जागा नाही. भूक भागायची सोयच काढून टाकली आहे. तरी तो दु:खी दिसत नाही. पुष्कळ ठिकाणी त्याच्या तोंडातून मोत्यांच्या माळा किंवा वेली बाहेर पडताना कोरतात. जो सगळं आत ओढायला जन्मला, त्याच्या तोंडातून आता फक्त बाहेर येतंय. गोष्ट आधीची की चेहरा आधीचा, हा वाद मिटेल न मिटेल, पण ज्या कारागिरानं पहिल्यांदा त्या तोंडातून वेल काढली त्याला काहीतरी कळलं होतं एवढं नक्की.

माणकाठ, तुमच्या मंडपात कासव आहे का? असेल तर तेही ग्रॅनाइटखाली जातंय का?

माणकाठ
आहे. जातंय. म्हाताऱ्यांना ठेच लागते म्हणून. गुरवाचं म्हणणं, नंदीपुढं कासव हवंच, पण का ते त्यालाही सांगता येईना. 'इंद्रियं आवरा म्हणून' एवढंच म्हणाला.

अनुनाद
गुरव बरोबर सांगतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ५८ वा श्लोक, कासव अवयव आत ओढून घेतं तशी ज्यानं इंद्रियं विषयांतून आवरली, त्याची बुद्धी स्थिर. सगळीकडे हेच ऐकवतात. पण उद्या देवळात गेलात की एक बघा. दगडी कासवाचे पाय आत आहेत की बाहेर?

माणकाठ
बाहेर. चारही. मानही बाहेर. अर्ध्या आयुष्यात हे लक्षात आलं नव्हतं!

अनुनाद
मी पाहिलेली सगळी तशीच आहेत. आवरायला सांगणारं कासव स्वतः ऐसपैस पसरलेलं. मला हे कोडं सुटत नव्हतं. मग ज्ञानेश्वरीत त्या श्लोकाचं निरूपण पुन्हा वाचलं. माउली फक्त आवरण्याचं सांगत नाहीत. कासव खुशीत असलं की अवयव पसरतं आणि मनात आलं की आपणच आवरून घेतं, दोन्ही त्याच्या इच्छेनं. मग मंडपातलं कासव मला भेदरलेलं वाटेना. देवासमोर येऊन बसलंय, भीती नाही, म्हणून पाय पसरलेत.

खडूस_काकू
पोळ्या झाल्या. अनुनाद, कुठं होतात इतके दिवस?
आणि एक जोडते. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते, असं संत सांगतात. अभंगांत हा दाखला किती ठिकाणी येतो. मला लहानपणापासून वाटायचं की कासव देवाकडे बघतंय. मग हे अभंग ऐकल्यावर वाटायला लागलं की उलटं आहे, आपण पिल्लू आणि कासवी आत गाभाऱ्यात.

नाममात्र
आणखी एक साधा पदर. देवळाच्या पायात, गाभाऱ्याखाली कूर्मशिला ठेवण्याची पद्धत आहे. मंदार पर्वत जसा कासवाच्या पाठीवर तोलला तसं देऊळ. वरचं कासव ही त्या खालच्या न दिसणाऱ्या कासवाची आठवण असू शकते. (हो, मी पण अर्थ लावायला लागलो. संगतीचा परिणाम.)

रिकामटेकडा
नोंद घ्यावी: नाममात्र यांचा उंबरा ओलांडून झाला आहे.

टाकी_छिन्नी
ठेच लागते हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. कमिटी त्याच मुद्द्यावर जिंकेल. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी अशाच उंच उंबऱ्यावर अडखळून मनगटाला प्लास्टर लागलं. उपाय सोपा आहे. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना सागवानी पायरी करून घ्या, सुटी, उचलता येणारी. मध्ये तोंडापुरती जागा मोकळी ठेवा. शेजारी हाताला पितळी दांडा. कासवाभोवती चार बोटं उंचीचा पितळी कठडा, लांबून दिसला की माणूस वळसा घालतो. ग्रॅनाइटच्या बिलाच्या मानानं खर्च किरकोळ. आणि देऊळ खरंच जुनं, बिनचुन्याचं, दगडावर दगड बसवलेलं असेल तर आधी ते संरक्षित यादीत आहे का हे पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्या. यादीत असेल तर परवानगीशिवाय हात लावता येत नाही आणि ठेकेदाराच्या आधी कमिटी अडकते. हे वाक्य बैठकीत शेवटी बोला. शांतपणे.

बंगळुरी_पुणेकर
'शांतपणे' ला +१. 'अडकते' ला +२.

माणकाठ
बैठक झाली. वृत्तांत देतो.

गोष्ट सांगितली, लोकांनी ऐकली, दोघं चहा प्यायला उठले. अजिंठा, जावा सांगितलं, कमिटीतला तो पोरगा म्हणाला जावा ही गाडी होती ना. कासवाचे पाय सांगितले तेव्हा मात्र चार-पाच जण उठून बघून आले आणि त्यावर अर्धा तास चर्चा झाली. एक म्हणे पाय बाहेर आहेत कारण आत कोरता येत नाहीत. (टाकी_छिन्नी, यावर तुमचं उत्तर हवंय.) मग दगड टोचण्याचं सांगितलं आणि शेवटी पुरातत्त्वाचं, शांतपणे. ठेकेदार गप्प झाला.

ठरलं असं: मंडपाच्या कडेच्या भागात ग्रॅनाइट होणार, ते मला थांबवता आलं नाही. उंबरा आणि कासव जसंच्या तसं. सागवानी पायरी सुताराला सांगितली.

पायरीचा_दगड, तुमचा प्रतिसाद मी वाचून दाखवला नाही, धीर झाला नाही. बैठकीत एक म्हातारे गृहस्थ मागं बसले होते, पूर्ण वेळ काही बोलले नाहीत. उठताना एवढंच म्हणाले, "ते तोंड झाकू नका, आम्ही लई उशिरा हात लावलाय त्याला." मग कोणी काही बोललं नाही.

पायरीचा_दगड
वाचून दाखवायची गरजच पडली नाही मग.

टाकी_छिन्नी
पाय आत घेतलेलं कासव म्हणजे नुसती उपडी वाटी. ते तर जास्त सोपं, एका दिवसाचं काम. सांगा त्यांना.

माणकाठ
सांगतो. पण नवी भानगड झालीये. कमिटीतल्या त्या पोराला गोष्ट फारच आवडली. आज सकाळी त्यानं भक्तिभावानं कीर्तिमुखाच्या डोळ्यांत पांढरा ऑइलपेंट भरला आणि काळी बुबुळं काढली. सुळ्यांनाही पांढरा. आता काय करू?

टाकी_छिन्नी
अरे देवा. खरवडू नका, तारेचा ब्रश नको, ॲसिडच्या जवळही जाऊ नका. रंग ओला असेल तर आजच्या आज सुती फडक्याला थोडं टर्पेंटाइन लावून टिपत टिपत काढा, घासत नाही. आधी कोपऱ्यात करून बघा. वाळला असेल तर तसाच राहू द्या आणि जाणकार माणूस बोलवा.

रिकामटेकडा
हत्तीवाल्या सह्यवेड्यांचा फोटोंचा धागा आला का?

माणकाठ
डोळा एक निघाला, दुसरा अर्धा. मी फडकं घेऊन उंबऱ्यापाशी बसलो होतो तेवढ्यात आजीची धाकटी बहीण दर्शनाला आली, नव्वदीच्या घरातली. वाकली, त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, "पुसू नगंस एवढ्यात. कवाधरनं आंधळा बसला हुता बिचारा."